वामन भेकराला शून्य गुण

मुलांनो, एका जंगलात सगळं काही होतं. नदी होती, राजवाडा होता, राजवाड्याला कुंपण होतं. आणि जंगल सुधारलेलं असल्यामुळे तिथे एक तुरुंगही होता.

या तुरुंगाच्या दवाखान्यात गेनू खवले नावाचा कंपाउंडर होता. गेनू म्हणजे खवले मांजर. तुम्ही खवले मांजर पाहिलं नसेल. अंगभर खवले, लांब जीभ, आणि भीती वाटली की त्याचा चेंडू होतो. गेनूचा चेंडू दिवसातून तीनदा व्हायचा. सकाळी कैद्यांच्या गिनतीला, दुपारी जेलरसाहेबांच्या फेरीला, आणि संध्याकाळी काही कारण नसताना.

जेलर होते दौलतराव गवे. गवा केवढा असतो ते तुम्हाला माहीत आहे. दौलतराव त्याहून थोडे मोठे होते, कारण ते सरकारी होते.

दवाखान्यात औषधं दोन. एक लाल, एक पांढरं. लाल पोटासाठी आणि पांढरं बाकी सगळ्यासाठी. गेनूला डॉक्टरकी येत नव्हती. पण सतरा वर्षं तो बराकींतून फिरला होता. कोण कुठे बसतो, कोण किती खातो, कोण कुणाशी बोलायचा थांबला, हे त्याच्या आपोआप लक्षात राहायचं.

आदल्या वर्षी त्याच्या असंच एक लक्षात आलं होतं. झिपरू नावाचं एक अस्वल होतं. ते अंग चाटेनासं झालं. मग त्याने आपलं अंथरूण भिंतीपासून ओढून मधोमध आणलं. भिंत बोलते, म्हणाला. गेनूने धीर करून जेलरसाहेबांना सांगितलं.

"नाटकं करतोय," दौलतराव म्हणाले.

गेनूचा चेंडू झाला आणि विषय संपला.

तीन आठवड्यांनी झिपरूने त्या भिंतीवर डोकं फोडून घेतलं आणि तो गेला. चौकशी झाली. सगळ्यांनी लिहून दिलं की हे अचानक झालं. गेनूनेही तसंच लिहून दिलं. त्यानंतर कित्येक दिवस तो लाल औषध स्वतःच प्यायचा, आणि ते पोट दुखतं म्हणून नव्हतं.

पण त्या मरणाची बातमी वाघमहाराजांपर्यंत गेली आणि राजवाड्यातून हुकूम आला. हुकूम असा की मनाचा मोठा आजार एका दिवसात होत नाही, त्याची लक्षणं आधीपासून दिसतात, आणि ती वेळेवर ओळखली तर प्राणी बरा होतो. तरी तुरुंगातल्या प्रत्येक कैद्याची तपासणी करून ज्यांच्यात अशी लक्षणं दिसतील त्यांना नदीपलीकडच्या इस्पितळात पाठवावं.

हुकूम चांगला होता, मुलांनो. या गोष्टीत हुकुमाची काही चूक नाही.

हुकुमाबरोबर राजवाड्यातून तज्ज्ञ आले. डॉक्टर धनेश. धनेश पक्ष्याची चोच फार मोठी असते, त्यामुळे तो काहीही बोलला तरी महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांनी एक फॉर्म तयार करून आणला होता. त्यात दहा प्रश्न होते. उत्तर फक्त होय किंवा नाही. एका 'होय'ला एक गुण. सहा किंवा जास्त गुण मिळाले की कैदी आजारी.

"आणि होय का म्हणाला ते कुठे लिहायचं?" गेनूने विचारलं.

"त्याला रकाना नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू झाली. डॉक्टर फांदीवर बसून प्रश्न विचारायचे आणि गेनू खाली बसून खुणा करायचा. पहिला आला कोल्हा. तो बाहेर असताना कोर्टात अर्ज लिहायचा.

"कुणीतरी आपल्यावर सतत नजर ठेवून आहे, असं तुम्हाला वाटतं का?"

कोल्ह्याने मागे वळून बुरुजाकडे पाहिलं. बुरुजावर पहाऱ्याचं घुबड बसलं होतं. घुबडाने कोल्ह्याकडे पाहिलं.

"वाटतं," कोल्हा म्हणाला.

"होय," डॉक्टर म्हणाले. गेनूने खूण केली.

"बोलणारा दिसत नसताना तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून टिटवी ओरडली, "बराक चार, अंघोळीला चला." तिला भिंतीवर बसायची परवानगी नव्हती, म्हणून ती पलीकडूनच ओरडायची.

"आत्ताच आला," कोल्हा म्हणाला.

"तुमच्या मनातलं दुसऱ्यांना आपोआप कळतं, असं वाटतं का?"

"आपोआप नाही, साहेब. बायकोला लिहिलेलं पत्र आधी कचेरीत फोडून वाचतात."

"म्हणजे होय. तुमच्याविरुद्ध कट झाला आहे असं वाटतं का?"

"दोन्ही साक्षीदार फिर्यादीचे मेहुणे होते."

"होय. तुमच्या हालचालींवर दुसऱ्या कुणाचा ताबा आहे असं वाटतं का?"

कोल्ह्याने पायातली साखळी थोडी वाजवली. डॉक्टरांनी गेनूकडे पाहून मान हलवली. गेनूने खूण केली.

कोल्ह्याला दहापैकी दहा मिळाले.

त्याच्यामागून साळिंदर आलं. जेवणात कुणी काही मिसळतं असं वाटतं का, या प्रश्नावर साळिंदराने तोंडातून एक खडा काढून टेबलावर ठेवला. तोही एक गुण धरला गेला. मग रानडुक्कर आलं, मग दोन माकडं आली, मग मुंगसांचं अख्खं कुटुंब आलं. तपासणी आठ दिवस चालली. गेनूची बोटं दुखून आली.

शेवटच्या दिवशी वामन आला.

वामन हा भेकर. म्हणजे हरणाच्या जातीतला लहानखुरा प्राणी. राजबागेतला पालक खाल्ल्याबद्दल त्याला पकडलं होतं. त्या गुन्ह्याला शिक्षा सहा महिन्यांची. पण खटला अजून उभाच राहिला नव्हता, म्हणून वामन तीन वर्षं कच्चा कैदी म्हणून आत होता. दर महिन्याला न्यायाधीश घोरपड पुढची तारीख द्यायच्या.

पहिली पावणेतीन वर्षं वामन बराकीतला सगळ्यात टापटिपीचा प्राणी होता. सकाळी उठून खूर घासायचा. इतरांची अंथरुणं सरळ करायचा. गप्पा मारायला लागला की रानडुक्करसुद्धा हसायचं. पण गेल्या दोन महिन्यांत गेनूला काहीतरी वेगळं दिसत होतं. वामनचे खूर मळले होते. भाकरी अर्धी उरायची. अंगणातल्या कडुलिंबाकडे एक कान करून तो तासन्‌तास बसायचा. मधेच हसायचा, आणि त्या वेळी कुणी काही बोललेलं नसायचं.

एकदा गेनू त्याच्याजवळ जाऊन बसला होता.

"भाकरी का ठेवलीस रे?"

"आता खाऊन काय करायचंय. थोडेच दिवस राहिलेत."

"कशाला?"

वामनने झाडाकडे पाहिलं, थोडा थांबला, आणि मान हलवून म्हणाला, "सांगू नको म्हणतोय."

"कोण?"

"कुणी नाही," वामन म्हणाला, आणि गोड हसला.

तोच वामन आता डॉक्टरांसमोर उभा होता.

"कुणी नजर ठेवून आहे असं वाटतं का?"

"नाही."

"आवाज ऐकू येतात का?"

वामनचा एक कान कडुलिंबाकडे वळला. मग तो "नाही," म्हणाला.

"जेवणात काही मिसळतात का?"

"छे. जेवण उत्तम असतं."

"तुमच्यावर अन्याय झाला आहे असं वाटतं का?"

"अजिबात नाही. इथे सगळे माझ्यासाठीच तर राबतात."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. वामनला दहापैकी शून्य गुण मिळाले.

"साहेब," गेनू हळूच म्हणाला, "याला बाजूला घेऊन नीट बघा. हा आजारी आहे."

"याला शून्य आहे," डॉक्टर म्हणाले. "सहाच्या खाली आम्ही कुणाला बघत नाही."

संध्याकाळी बेरीज झाली. तुरुंगात चारशे बारा कैदी होते. त्यांतले चारशे अकरा आजारी निघाले.

दौलतरावांनी कागद पाहिला आणि ते खाली बसले. "हे असं राजवाड्यात गेलं तर उद्या मला इस्पितळाचा जेलर म्हणतील. आणि इस्पितळात खाटा चार आहेत."

"मग चार आजारी काढू," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठीच शास्त्र असतं."

त्यांनी सहा गुणांची अट सात केली, मग आठ, मग दहा. दहाला दहा मिळवणारे तरी चाळीस उरले. मग उत्तर देताना आगाऊपणा करणाऱ्याला एक जादा गुण द्यायचं ठरलं, आणि मोजून चौघे निघाले. कायदा जाणणारा कोल्हा, खडा दाखवणारं साळिंदर, आणि मधेच हसलेली दोन माकडं. त्यांना नावेत बसवून नदीपलीकडे पाठवलं.

इस्पितळाची डॉक्टर होती गजराबाई. म्हातारी हत्तीण. तिचे कान मोठे होते आणि ती ते वापरायची. तिसऱ्या दिवशी तिने चौघांना परत पाठवलं. बरोबर चिठ्ठी होती: "हे चौघे ठणठणीत आहेत. डाळीतले खडे काढा."

डॉक्टर धनेशांनी अहवालात लिहिलं की वेळेवर निदान झाल्यामुळे चौघेही तीन दिवसांत बरे झाले.

हे वाचून वाघमहाराज खूश झाले आणि स्वतः तुरुंग पाहायला निघाले.

दौलतरावांनी भिंतींना चुना लावून घेतला. महाराजांसमोर एक निरोगी कैदी उभा करायचा ठरलं. तो कोण, याबद्दल वाद नव्हता. शून्य गुण एकालाच होते. वामनला अंघोळ घालून त्याच्या गळ्यात डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र अडकवलं.

"साहेब, त्याला नका उभा करू," गेनू म्हणाला.

दौलतरावांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं. गेनूचा चेंडू झाला. तो चेंडू कुणाच्या पायात येऊ नये म्हणून औषधांच्या कपाटाशेजारी सरकवून ठेवण्यात आला.

महाराज आले. प्रधान आले. सगळे अंगणात कडुलिंबाखाली थांबले. महाराजांनी वामनच्या गळ्यातलं प्रमाणपत्र वाचलं आणि प्रेमाने विचारलं, "काय, इथे बरं वाटतं ना?"

"बरं वाटतं," वामन म्हणाला. "तुम्ही उभे का? बसा. बऱ्याच दिवसांनी आलात माझ्याकडे."

प्रधान खाकरले.

"तुझ्याकडे म्हणजे?" महाराजांनी विचारलं.

"राजवाड्यात. मला सगळं कळलंय. येत्या पुनवेला तुम्ही जाणार आणि मी गादीवर बसणार. तुम्ही काळजी करू नका, तुम्हाला मी बागेत जागा देईन."

तो हे अगदी मायेने म्हणाला. पण महाराजांच्या मिशा हळूहळू ताठ झाल्या.

"हा राजद्रोह आहे," प्रधान म्हणाले. "राजद्रोहाला फाशी आहे."

"हा शुद्धीवर आहे का?" महाराजांनी विचारलं.

आता बघा मुलांनो, डॉक्टरांची काय अडचण झाली. वामन आजारी आहे म्हणावं तर फॉर्म चुकला. फॉर्म महाराजांच्या शिक्क्याने छापला होता.

"पूर्ण शुद्धीवर, महाराज," डॉक्टर म्हणाले. "दहापैकी शून्य. या तुरुंगात एवढा शहाणा दुसरा कुणी नाही."

"मग उद्या फाशी द्या," महाराज म्हणाले.

वामन हसत कडुलिंबाकडे बघत होता. त्याला वाटलं, तयारी सुरू झाली.

कपाटाशेजारच्या चेंडूत गेनूला सगळं ऐकू येत होतं. त्याला झिपरू आठवला. मधोमध ओढून आणलेलं अंथरूण आठवलं, आणि आपण चौकशीत लिहिलेला 'अचानक' हा शब्द आठवला. त्याने उलगडायचा प्रयत्न केला. अंग ऐकेना. मग त्याने आतूनच बोलायला सुरुवात केली.

"महाराज, तो आजारी आहे."

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. "आवाज येतोय. कुणी दिसत नाही."

डॉक्टरांचा पंजा सवयीने फॉर्मकडे गेला. मग हे महाराज बोलले हे ध्यानात येऊन त्यांनी तो मागे घेतला.

चेंडू दवाखान्यातून घरंगळत अंगणात आला आणि कसाबसा उघडला. गेनूचे खवले वाजत होते.

"दोन महिने झाले, महाराज. तो नीट झोपत नाही, खात नाही. खूर घासत नाही. झाड त्याच्याशी बोलतं. ते सांगेल तेवढंच तो आपल्याला सांगतो. गेल्या वर्षी झिपरूचं असंच झालं होतं. मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. याला इस्पितळात पाठवलं तर हा बरा होईल."

"फॉर्म काय म्हणतो?" महाराजांनी विचारलं.

"शून्य," डॉक्टर म्हणाले.

"मग तुझं ऐकायचं की शिक्क्याच्या कागदाचं?"

गेनूने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर घाबरलेले होते. दौलतरावही घाबरलेले होते. एवढे मोठे लोक घाबरलेले त्याने प्रथमच पाहिले, आणि काय करायला हवं ते त्याला कळलं.

"फॉर्म बरोबर आहे, महाराज," तो म्हणाला. "भरताना मी चुकलो. शेवटचा दिवस होता, बोटं दुखत होती. वामन दहाही प्रश्नांना होय म्हणाला. मी नाहीच्या रकान्यात खुणा केल्या."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "बघा. मी म्हणतच होतो, या बेरजेत काहीतरी खटकतंय. दहापैकी दहा म्हणजे अत्यंत आजारी."

"मी पण कधीपासून सांगतोय," दौलतराव म्हणाले.

महाराजांच्या मिशा खाली आल्या. आजारी प्राण्याने त्यांना बागेत जागा दिली तर त्यात अपमान नव्हता. फाशी रद्द झाली आणि दुपारच्या नावेने वामन नदीपलीकडे गेला.

गेनूची मात्र चौकशी लागली. शासकीय फॉर्म चुकीचा भरल्याबद्दल त्याला कंपाउंडरकीवरून काढलं आणि बराकींत भाकरी वाढायचं काम दिलं. यापुढे त्याने कुठल्याही कागदाला हात लावू नये असंही लेखी बजावलं. त्या चारशे बारा फॉर्मांत त्याने एकही खूण चुकवली नव्हती. पण हे सांगायचं कुणाला?

इस्पितळात गजराबाई वामनजवळ रोज बसायची. तिने औषध दिलं, झोप दिली, आणि झाड काय म्हणतं ते न हसता ऐकून घेतलं. महिन्याभराने झाडाचा आवाज बारीक झाला. दुसऱ्या महिन्यात वामनने खूर घासायला पाणी मागितलं. मग त्याची बहीण भेटायला आली तेव्हा तो तिच्याजवळ रडला, आणि गजराबाईने त्याच्या कागदावर लिहिलं, "सुधारणा आहे."

नियमाप्रमाणे तिथे त्याचा फॉर्म पुन्हा भरून घेतला गेला. नजर ठेवतात का? ठेवतात, वामन म्हणाला, बुरुजावर घुबड असतं. जेवणात काही असतं का? खडे असतात. अन्याय झाला असं वाटतं का? वाटतं, सहा महिन्यांसाठी तीन वर्षं. त्याला पुरेपूर गुण मिळाले. राजवाड्यातून पत्र आलं की आजार तसूभरही कमी झालेला दिसत नाही. गजराबाईने पत्राला उत्तर पाठवलं नाही. तिने वामनला खटल्याच्या तारखेला पाठवलं, आणि बरोबर स्वतः गेली. हत्तीण कोर्टाच्या दारात उभी राहिल्यावर न्यायाधीश घोरपडबाईंना पुढची तारीख सुचली नाही. वामन सुटला. जास्त भोगलेली अडीच वर्षं कुठल्या गुन्ह्यात वळती करायची यावर अजून विचार चालू आहे.

डॉक्टर धनेशांना त्या वर्षी सुवर्णचोच मिळाली. मानपत्रात लिहिलं होतं की त्यांच्या फॉर्मने आजवर एकही चूक केलेली नाही. झाली ती कारकुनी होती.

पुढे एका भेटीच्या दिवशी वामन तुरुंगाच्या फाटकाशी आला. गेनू बाहेर आला. दोघे दगडावर बसले.

"झाड आता बोलतं का?" गेनूने विचारलं.

"कधीमधी. लांबून. औषध सोडायचं नाही असं बाई म्हणतात. सोडत नाही." वामनने फाटकाकडे पाहिलं. "माझ्यासाठी तुझी जागा गेली."

"गेली. पण एक सांगू? दवाखान्यात होतो तेव्हा आजारी आहे म्हणणारेच जास्त दिसायचे. आता न म्हणणारेही रोज दिसतात. भाकरी सगळ्यांनाच लागते."

"मग त्यांचं काय करतोस? कागदाला तर हात लावायचा नाही तुला."

"सांगून ठेवतो. नावाडी ओळखीचा आहे, तो गजराबाईला निरोप देतो. ती पाहणीला म्हणून येते आणि नेमकी त्याच बराकीत जाते. या वर्षी तिघांना नेलं. दोघे बरे होऊन परत आलेसुद्धा."

"साहेबांना माहीत आहे?"

"ते फॉर्मचं यश म्हणून लिहितात."

जेवणाची घंटा झाली. वामन बहिणीच्या गावाकडे निघाला आणि गेनू टोपली उचलून आत गेला. बराक चारमध्ये एक नवा ससा आला होता. तो सगळ्यांकडे पाठ करून बसला होता आणि कालची भाकरी तशीच त्याच्या पायाशी होती. पलीकडून दौलतरावांच्या पावलांचा आवाज येत होता. गेनूच्या पाठीवरचे खवले उभे राहू लागले. त्याने टोपली खाली ठेवली, सशाशेजारी बसला आणि विचारलं, "झोप लागते का रे तुला?"

तात्पर्य: फॉर्म कधीच चुकत नाही, चुकतो तो भरणारा. म्हणून मुलांनो, नीट अभ्यास करा आणि मोठेपणी फॉर्म तयार करणारे व्हा. आणि कधी आजारी पडलातच, तर एखादा वाढपी बघून ठेवा.